किशनराव लाईनवर आहेत

मु. टाकळी, पो. सोनपेठ
१४ नोव्हेंबर १९८८

मेलेला माणूस टेलिफोनवर बोलला म्हणून मला बिल आलंय. एकदाच बोलला असं बी न्हाई, दिवाळीच्या आत कितींदा तरी बोलला. जिता असताना ताटात मीठ कमी पडलं तरी ज्यांनी तोंड उघडलं न्हाई, ते मरून चोवीस वर्षांनी सहा-सहा मिनिटं बोलायलेत, आन भरायचं मी.

चि. पारूस धुरपताअक्काचा आशीर्वाद. आमी बरे हावोत. तुमी बरे असाल.

पारू, आपलं ठरलं होतं ते तुला याद हाय न. आपला भाऊ गेला तवा दोघींना बी माती मिळाली न्हाई, तार उशिरा आली. तवा तूच म्हणलीस, अक्का, तुझ्या घरी माणिकनं फोन आणलाय, आमच्या क्वार्टरसमोर बन्सीधर शेठच्या दुकानात फोन हाय, दर सोमवारी एक कॉल लाव. नाव सांगून लावायचा. त्या नावाचा माणूस तिथं नसला तर बोलण्याचे पैसे लागत न्हाईत, नुसती बारीकशी फी. म्हणून आपण आमच्या ह्यांचं नाव लावलं. कितीबी हाक मारली तरी येणार न्हाई असं तेवढंच एक नाव आपल्यापाशी होतं. शेठ म्हणणार, "ते इथं न्हाईत." म्हणजे तुला कळलं अक्का जिती हाय, मला कळलं पारू बरी हाय. दोन वर्षं सुरळीत चाललं. माझा लेक माणिक गेला, त्याचा फोन राहिला, त्याच्यावर आपलं एवढं भागत होतं.

मी त्यांचं नाव घेत न्हाई, कुसुम बी सासऱ्याचं नाव घेत न्हाई. शेजारचा मुंजाजी दर सोमवारी येतो, नाव सांगून कॉल लावतो, चहा पिऊन जातो.

आता हे बिल. इंग्रजीत हाय. दत्तराव मास्तर नामांतराच्या मोर्च्याला गेला होता, तो आल्यावर वाचून घेतलं. तो म्हणला, "आजी, ह्यात वरचे पैसे लय लागलेत. माणूस लाईनवर आला, बोलला, वेळ वाढवून घेतली, त्याचे वेगळे." मी म्हणलं, कोण आला लाईनवर? तो म्हणला, "ते बिलात लिहीत न्हाईत."

मी यष्टीनं टेलिफोन हापिसात गेले. बाकड्यावर बसवलं. मग कारकुनानं चिठ्ठ्या काढल्या आन म्हणला, "आजी, किती बी भांडा, समोरचा माणूस आलाय. त्याच नावाचा आलाय." मी म्हणलं, बाबा, त्यांची राख मी माझ्या हातानं गोदावरीत सोडलीय. तो म्हणला, तक्रार लिहून द्या. तक्रारीला बी वेगळा कागद लागतो.

बन्सीधर शेठला विचार. उगं गोडगोड विचारू नको, नीट विचार. मला डाव्या डोळ्यानं आता दिसत न्हाई, उजव्यावर लिहायलेय. अक्षर वाकडं असलं तर समजून घे.

धुरपता


रेल्वे क्वार्टर, पूर्णा
२७ नोव्हेंबर १९८८

ती. धुरपताअक्कास पारूचा नमस्कार.

पत्र मिळाले. वाचून फार वाईट वाटले. बन्सीधर शेठला विचारले. तो बिचारा देवाची शपथ घेऊन म्हणाला की सोमवारी कॉल आला की मी "किशनराव इथे नाहीत" एवढेच म्हणतो आणि फोन ठेवतो. अक्का, हे मशीनचेच काहीतरी असेल. इथे माझा पंडित काम करतो त्या स्टेशनात पण लाईनी एकमेकींत घुसतात. परवा मालगाडीची चौकशी करायला फोन लावला तर कुणाच्या तरी लग्नाच्या जेवणाची बोलणी ऐकू आली. तसेच झाले असेल. दुसऱ्या कुठल्या किशनरावाचे बिल तुझ्या माथी आले असेल.

पण तू भांडत बसू नकोस. या वयात बाकड्यावर बसायचे, डोळा असा, कशाला तकलीफ घेतेस. भरून टाक आणि गप्प राहा. फोन मात्र चालू ठेव. सोमवारी शेठचे पोरगे येऊन "कॉल आला होता" म्हणून सांगून जाते, तेव्हा मला घास गोड लागतो.

एक विचारू का, रागावू नकोस. तुझ्या नातवाचा, भुजंगचा काही पत्ता लागला का? तुझ्या घरात त्याचे नाव काढायचे नाही हे मला माहीत आहे. पण पोरगा जाऊन दोन वर्षे होतील, राहवत नाही म्हणून विचारले.

मागच्या खेपेला पंडितजवळ कुसुमने ज्वारीचे पीठ आणि कारळाची चटणी दिली होती. चटणी संपली. पुन्हा कुणी येणार असेल तर थोडी जास्त पाठवायला सांग.

तुझी पारू


टाकळी
२० जानेवारी १९८९

दुसरं बिल पहिल्यापेक्षा मोठं आलंय. आता तर ते सोमवार सोडून बाकीच्या वारी बी बोलायलेत.

पारूस आशीर्वाद. संक्रांत झाली, तिळगूळ पाठवला न्हाई, मन न्हाई लागलं.

मी परत गेले हापिसात. परभणीला बंद होता म्हणून एक फेरी वाया गेली, वाटेतनं माघारी आले. दुसऱ्यांदा गेले तवा कॉल जोडणारी पोरगीच भेटली. चांगली हाय बिचारी, मला खुर्ची दिली. ती म्हणली, "आजी, मीच जोडते की कॉल. मी विचारते, किशनराव हायेत का, तर ते म्हणतात, हो, मीच. आवाज जवान माणसाचा हाय."

मी म्हणलं, बाई, ते गेले तवाच केस पिकले होते. तिकडं जाऊन जवान झाले का?

ती हसली. मला हसू आलं न्हाई. मला वाटतं तुझ्या शेठच्या दुकानातलं एखादं टवाळ पोरगं हाय. त्यांचं नाव घेऊन बोलतंय आन मजा करतंय. पण इकडनं कोण बोलतं त्याच्यासंगं? मुंजाजीला विचारलं तर तो म्हणला, "काकू, मी सोमवार सोडून तुमच्या फोनला हात लावला असंल तर हात झडू दे." मग कोण बोलतं? घरात मी आन कुसुम. कुसुम तर दोन शब्द विचारले तर एक सांगते.

तिचं बी मला काही कळंना झालंय. मी म्हणलं फोन तोडून टाकू, तर दोन दिवस जेवली न्हाई. मग म्हणली, "आत्याबाई, मी चहा सोडते, साखरंचे वाचतील, पण फोन असू द्या, त्यांनी हौसेनं आणलाय." नवऱ्याची आठवण म्हणून फोन ठेवायचा म्हणं. माणिकचा धोतरजोडा ठेवला असता तर फुकट पडला असता. त्याला दर दोन महिन्याला बिल येत न्हाई.

आन तू कारळाची चटणी कामून मागितलीस? तुझ्या घरात कारळं कोण खातंय? तुझा नवरा तर वासानं ताटावरनं उठायचा. कुसुम बी वेडी, डबा भरून द्यायली होती. मी इचारलं तर म्हणली, मावशींनी मागितलीय.

त्या पोराचं नाव पुन्हा पत्रात लिहू नको. गंगाखेडच्या तात्यारावाची माणसं दारात बसलेली, सुपारी फुटायची, भटजी आलेला, आन नवरदेव पाठीमागच्या दारानं यष्टीला. बाप जाऊन वर्ष झालं नव्हतं, घरात दुसरा गडीमाणूस न्हाई. भरल्या बैठकीत नारळ मी माघारी दिला. तवाच सगळ्यांपुढं बोलले, ह्या घरात भुजंगाचं नाव निघायचं न्हाई. ते अजून तसंच हाय. मी बोललेलं बदलत न्हाई.

हे तिसरं बिल आलं की फोन तुटला समज. मला आता यष्टीचे दांडे धरून उभं राहणं होत न्हाई.

धुरपता


पूर्णा
२ फेब्रुवारी १९८९

ती. अक्कास नमस्कार.

तुझे पत्र वाचून रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. अक्का, फोन तोडू नकोस. तुला माझी आण. तू म्हणशील पारूला काय जाते, भरायचे मला आहे. खरे आहे. पण दोन घरांत तेवढा एक दोरा आहे. माझे गुडघे गेले, मला गाडी चढवत नाही. तुझा डोळा गेला. मग उरले काय?

चटणीचे विचारलेस. पंडितच्या बायकोला डोहाळे लागले आहेत, तिला कारळेच पाहिजेत म्हणते. पोटुशा बाईला काय म्हणायचे.

बन्सीधर शेठच्या दुकानात तसे टवाळ पोरगे कुणी नाही. तू कुणावर आळ घेऊ नकोस. जो कुणी बोलत असेल तो वाईट बुद्धीने बोलत नसेल, असे आपले मला वाटते.

डोळ्याचे काय ठरले? एकटी जाऊ नकोस.

पारू


टाकळी
१९ फेब्रुवारी १९८९

पंडितच्या बायकोचं आपरेशन झालंय. धाकट्याच्या पाठीवर झालं, तवा मीच येऊन पंधरा दिवस तिची बाळंतपणाची भाकर थापली. तिला डोहाळे कुठनं लागले?

पारू, लहानपणी गूळ चोरून खायचीस तवा बी तुला खोटं बोलता येत नव्हतं. सगळं तोंडावर लागलेलं असायचं. आता बी तसंच हाय. तू माझ्यापासनं काहीतरी चोरायलीस. काय ते मला कळंना. आन कळून घ्यायची ताकद बी न्हाई राहिली. कुसुम खोटं बोलती, तू खोटं बोलतीस, हापिसवाले खोटं बोलतेत. मी एकटी खरी, आन बिल माझ्याच नावावर.

दरखास्त दिली. होळी झाली की लाईनमन येऊन फोन काढून नेणार. काढून न्यायची बी काही फी हाय म्हणं, ती बी भरली.

डोळ्याचा कॅम्प परभणीला हाय, पाडव्यानंतरच्या आठवड्यात. संगं एक माणूस लागतो म्हणतेत. कुसुमनं परभणी बघितलेली न्हाई. बघू. एका डोळ्यावर बी दिवस जातेत.

धुरपता


पूर्णा
५ मार्च १९८९

अक्का,

फोन तोडू नको. मी शपथेत अडकले आहे. कुणाच्या ते विचारू नको. होळीपर्यंत थांब, मी त्याला समजावते. मग तूच मला चपलेने मार.

पारू


टाकळी
२८ मार्च १९८९

चपलेनं मारायला मला पूर्णेला यावं लागंल, आन मला तेवढा दम न्हाई, म्हणून ह्या कागदावरच ऐक.

लाईनमन आला होळीच्या चवथ्या दिवशी. खांबावर चढायच्या आधी म्हणला, आजी, चहा पाजा. घरात साखर कुठं? सुनंनं चहा सोडलेला. कुसुम वाटी घेऊन दुकानाला गेली. जाताना दोनदा माघारी वळून फोनकडं बघितलं. मला वाटलं, नवऱ्याच्या फोनला शेवटचं बघायलीय.

ती गल्लीच्या कोपऱ्यावर गेली असंल, आन फोन वाजला. लाईनमन म्हणला, घ्या आजी, शेवटचा. मी उचलला. तीच पोरगी. म्हणली, "पूर्णा बोला. किशनराव लाईनवर आहेत."

पारू, मी कशाला भिणारी बाई न्हाई. पण खाली बसले.

तिकडनं आवाज आला. "आई, म्हातारी जवळ हाय का? असली तर बोलू नको, नुसतं खाकर."

माझ्या नरड्यात थंडीपासनं कफ. मी खाकरले.

मग तो बोलला. हळू बोलायला लागला, मी ऐकंन म्हणून. रेल्वेच्या गँगमध्ये पर्मनंट झालो म्हणला. रूळ उचलताना अंगठ्यावर लोखंड पडलं होतं, नख गेलं, आता नवीन यायलंय म्हणला. चटणी पावली, पण पारूआज्जी मोजून वाढती म्हणला. मग म्हणला, "फोन खरंच तोडायलेत का ग? मंग आपण कसं बोलायचं?" मी परत खाकरले. "आन म्हातारीला डोळ्याला तू एकटी नेऊ नको. तुला तिथलं काही ठाऊक न्हाई, आन ती डाक्टरसंगं भांडंल. मी परभणीच्या स्टँडवर येऊन लांब उभा राहतो. तुमच्या मागं मागं चालतो. तिला कळायचं न्हाई. तिला तसं बी दिसत न्हाई."

एवढ्यात ती पोरगी मधी आली. तीन मिनिटं झाली, वाढवू का म्हणली.

मी म्हणलं, वाढव.

माझा आवाज त्यानं ओळखला. त्याचा श्वास ऐकू येत होता, आन मागनं तुझ्या स्टेशनातल्या इंजिनची शिट्टी. पुढची तीन मिनिटं दोघांपैकी कुणी एक अक्षर बोललं न्हाई. त्याचे बी वाढीव पैसे लागतील. लागू दे. ते एक बिल मी तक्रार न करता भरीन.

मी फोन ठेवला तवा कुसुम दारात उभी होती. मी म्हणलं, चहा ठेव, लाईनमन खोळंबलाय. आन त्याला सांग, खांबावर चढायचं काम न्हाई. दरखास्त माघारी घेतली. माघारी घ्यायची बी फी हाय म्हणला. ह्या लोकांना माणूस श्वास घेतो त्याची फी लावायची तेवढी राहिलीय.

सांजच्याला कुसुमनं सगळं सांगितलं. दिवाळीच्या आधीपासनं, मी घरात नसले की ती कॉल लावायची, त्या दिवशीचा बी तिनंच सकाळी लावून ठेवलेला. पोरगं पहिल्या महिन्यापासनं तुझ्या घरात हाय. तुझ्या पंडितनं त्याला गँगमध्ये लावला. आन तू मला पत्रात इचारतीस, भुजंगचा पत्ता लागला का! तुझ्याच चुलीपुढं बसून भाकर खात होता तवा. वरनं माझ्या घरची चटणी. लाज तुला उशिरा येती, हे मी लहानपणापासनं बघतेय.

फोनवरच्या नावाची गोष्ट मला तरी उलगडंना. कुसुमनं बावीस-पंचवीस वर्षांत सासऱ्याचं नाव तोंडातनं काढलं न्हाई, गावातल्या दुसऱ्या किशनला बी ती "ते वरच्या आळीचे" म्हणती. ती टेलिफोनवालीला नाव कसं सांगत असंल? मग रात्री अंथरुणावर पडल्यावर डोस्क्यात उजेड पडला. ते गेले आन वर्षाच्या आत हे पोरगं झालं. बारशाला त्यांचंच नाव ठेवलं, शाळंत बी तेच घातलं, तुझ्या रेल्वेत बी तेच असंल. पण नवऱ्याच्या नावानं नातवाला शिव्या कशा द्यायच्या, म्हणून घरात भुजंग म्हणत आले. एवढी वर्षं भुजंग म्हणून म्हणून त्याचं खरं नाव मीच इसरले. मी मेलेल्याला बोलवत होते, आन त्या नावाचं जितं माणूस शेठच्या दुकानासमोर बसलेलं. टेलिफोनवाली विचारती, किशनराव हायेत का. तो म्हणतो, हो, मीच. त्यात खोटं काय? हापिसवाले खरं बोलत होते. हे लिहायला मला बरं वाटत न्हाई, पण लिहिलं.

कुसुमनं सासऱ्याचं नाव घेतलं न्हाई. लेकाचं घेतलं. जन्म दिल्यापासनं पहिल्यांदा लेकाला त्याच्या नावानं हाक मारली, ती बी सरकारी बाईपुढं.

आता नीट ऐक. तात्यारावाची पोरगी मानवतला नांदायलीय, तिच्या मांडीवर लेकरू हाय. तात्याराव मला बाजारात भेटला, डोळ्याची चौकशी करून गेला. तो इसरला म्हणून मी इसरले असं कुणी समजू नये. मी बैठकीत बोलले ते बोलले. ह्या घरात भुजंगाचं नाव निघायचं न्हाई. ते मी आज बी माघारी घेत न्हाई.

पण किशनचं नाव घ्यायचं न्हाई असं मी कुणापुढं बोलले नव्हते. बैठकीत बसलेल्या कुणालाबी इचार.

येत्या रविवारी, सकाळी गाड्यांची वर्दळ कमी झाली की, मी कॉल लावणार हाय. मुंजाजीला बोलवणार न्हाई, कुसुमला लावायला सांगणार न्हाई. नाव मी माझ्या तोंडानं सांगणार. नवऱ्याचं म्हणून न्हाई, नातवाचं म्हणून. नवऱ्याला राग आला तर तिकडं गेल्यावर बघून घेईन.

पाडव्याला घरात पुरण होणार, आन त्याच्यानंतर परभणीला माझ्या संगं माणूस लागणार. लांब उभा राहणारा माणूस मला नको. हात धरणारा पाहिजे, मला दिसत न्हाई.

तेवढं त्याला फोनवर सांगायचंय, म्हणून तू मधी तोंड घालू नको. बन्सीधर शेठला सांग, "इथं न्हाईत" म्हणायची सवय त्या दिवशी सोडायची. पंडितनं उचलायचं न्हाई, तू गुडघे धरत पळत यायचं न्हाई. ज्याचं नाव घेईन, फोन त्यानंच उचलायचा.

धुरपता